मॅक्रोसाठी फ्लॅश: भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग आणि मागे मिट्ट काळोख

टाचणी_चतुर

कॅमेरा कॅनन २००डी मार्क २, लेन्स ५५-२५० एसटीएम, तिच्यापुढे रेनॉक्स डीसीआर-२५० (जवळून मोठं दाखवणारं जोडभिंग) आणि हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅशची खाच) गोडॉक्स टीटी६८५ फ्लॅश. फ्लॅशच्या डोक्यावर बाजारात मिळते ती दुधी प्लॅस्टिकची टोपी. झूम २५० वर, एम (मॅन्युअल) मोड, १/५००, एफ/१६, आयएसओ १००, फ्लॅश टीटीएलवर (ताकद कॅमेराच ठरवतो) आणि हाय स्पीड सिंक (जलद शटरलाही फ्लॅश चालावा म्हणून) चालू. जागा आरे आणि येऊर (मुंबई-ठाण्याची जंगलं), पावसाळी सकाळ, म्हणजे झाडाखाली उजेड बेताचाच.

चकचकीत भुंगेऱ्यांच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका येतो, तिथला रंग रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ) फाइलमधूनही परत मिळत नाही. किड्याच्या मागे सगळं काळं, जणू रात्रीच काढलाय फोटो. आणि १/५०० असूनही चालत्या मुंग्या हललेल्या दिसतात. रिंग फ्लॅश (लेन्सभोवती बसणारा गोल दिवा) घ्यावा का, की आहे त्याच सामानात सुधारणा होईल?

भिंगवाला

रिंग फ्लॅश नको. त्याने उजेड सपाट पडतो आणि डोळ्यांत, पाठीवर पांढरी कडी उमटतात. आहे तो फ्लॅश पुरेसा आहे, बदलायचा आहे तो डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा.

भुंगेऱ्याची पाठ म्हणजे बाहेरून फुगीर आरसा. त्यावर दिसणारा ठिपका हे तुमच्या दिव्याचंच प्रतिबिंब असतं. फ्लॅशचं डोकं साधारण ७ सेंमी रुंद आणि किड्यापासून ३० सेंमी मागे, म्हणजे किड्याच्या बाजूने पाहिलं तर जेमतेम १३ अंशांचा दिवा. सगळा उजेड तेवढ्याशा जागेतून येतो, म्हणून तिथे जळतं. टोपीने यात फरक पडत नाही, कारण टोपी दिवा मोठा करत नाही, फक्त उजेड चहूकडे फेकते. खोलीत तो भिंतींवरून परत येतो. आरेत भिंती कुठून आणणार? तोच उजेड २० सेंमी रुंद पांढऱ्या पडद्यातून, किड्यापासून ६-७ सेंमीवरून आला की दिवा शंभर अंशांहून मोठा होतो. प्रतिबिंब तरीही राहतं, पण ते पसरतं, फिकं होतं आणि खालचा रंग त्यातून दिसू लागतो.

घरी करायचा तर असा करा. काळ्या कार्डशीटची नळी फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी, लांबी साधारण १५ सेंमी, आतून ॲल्युमिनियम फॉइल. नळीच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरचा एक थर. त्याच्यापुढे ५ सेंमी मोकळी जागा सोडून २० बाय १५ सेंमीची दुधी पॉलिप्रॉपिलीन शीट, कमान करून लेन्सच्या टोकावरून पुढे झुकणारी, खालच्या कडेला रेनॉक्स बसेल एवढी खाच. जोडणी वेल्क्रोने, म्हणजे पिशवीत सपाट जाते. दोन थरांमधली ही मोकळी जागा फार महत्त्वाची. थर एकमेकांना चिकटवले तर मधोमध प्रखर गोळा तसाच राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शीटला पॅकिंगचा पातळ पांढरा फोमही चालतो. बटर पेपर मात्र पावसात लाटा येऊन लोंबतो, जून ते सप्टेंबर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तपासायला किडा लागत नाही. सायकलचा छर्रा मातीत अर्धा रुतवून त्याचा फोटो काढा. छर्‍यात तुमचा डिफ्यूझर जसाच्या तसा दिसतो: कुठे प्रखर, कुठे अंधारा, लेन्सची सावली किती. मधला भाग जास्त उजळ दिसला तर पहिल्या थराच्या मध्यावर ट्रेसिंग पेपरचा छोटा चौकोन आणखी लावा आणि पुन्हा बघा.

रानहळद

मुंग्या हलतात त्याचं कारण हाय स्पीड सिंक. त्यात फ्लॅश एकदाच चमकत नाही, शटरचे पडदे सरकत असेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. त्यामुळे मुंगीसाठी तो सलग उजेडच, आणि हालचाल थांबवायचं काम एकट्या १/५०० वर येतं. हिशोब करून बघा. मुंगी सेकंदाला २ सेंमी चालली तर १/५०० मध्ये ०.०४ मिमी सरकते. दुप्पट मोठं करताना सेन्सरवर ते ०.०८ मिमी, म्हणजे या कॅमेऱ्यात २० हून जास्त पिक्सेल. १/१०००० सेकंदाच्या चमकेत तेच एका पिक्सेलवर येतं.

म्हणून शटर १/२००, ती या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारं सर्वात जलद शटर. हाय स्पीड सिंक बंद. फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ किंवा त्याहून कमी. या जातीच्या फ्लॅशची चमक पूर्ण ताकदीवर साधारण १/३०० सेकंद टिकते, किमान ताकदीवर १/२००००. डिफ्यूझर जवळ आणलात की कमी ताकद पुरते, हा त्याचा दुसरा फायदा. मग फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. आला नाही तर बाहेरचा उजेडही फोटोत शिरतोय आणि कडांना पुसट सावली येणार.

टीटीएल सोडाच. काळी मुंगी फ्रेमभर असली की तो जास्त उजेड टाकतो, पांढरा पतंग असला की कमी. मॅक्रोत अंतर ठरलेलं असतं, एकदा जमलेली ताकद दिवसभर चालते.

आणि एफ/१६ खूप आहे, छिद्र फार लहान. १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या मापाचा येतो तेव्हा, ते प्रत्यक्षात एफ/३२ होतं, डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळं मऊ पडतं.

भिंगवाला

@रानहळद, शेवटचा मुद्दा मॅक्रो लेन्ससाठी बरोबर, इथे लागू नाही. मॅक्रो लेन्स १:१ ला आणली की छिद्र दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) लहान झाल्यासारखं वागतं. रेनॉक्समागची लेन्स मात्र अनंतावरच फोकस असते, त्यामुळे एफ/१६ हे एफ/१६ च राहतं. तरी एफ/११ जास्त करकरीत येईल.

खरी अडचण झूमची आहे. रेनॉक्सचं नाभीय अंतर १२५ मिमी. २५० वर दुप्पट मोठं, म्हणजे फ्रेममध्ये फक्त ११ मिमी मावतात आणि एफ/११ ला फोकसची खोली जेमतेम ०.१ मिमी. भुंगेऱ्याचा डोळा नीट आला तर पाय गेलेच. १३५ वर आणा. फ्रेम सुमारे २० मिमी, खोली जवळपास ०.४ मिमी, आणि लेन्स कमी लांबल्यामुळे फ्लॅशची नळीही पुरते. किड्यापर्यंतचं अंतर झूम बदलूनही साधारण ११-१२ सेंमीच राहतं. झूमच्या कड्यावर खूण म्हणून टेप लावून ठेवा. ऑटोफोकस बंद करून फोकस अनंतावर, आणि कॅमेरा पुढेमागे हलवून नेम साधा.

टाचणी_चतुर

झूमचं हे लक्षातच आलं नव्हतं. मनापासून धन्यवाद दोघांनाही. काळ्या पार्श्वभूमीचं काय? आयएसओ वाढवला तर बाहेरचा उजेड येईल ना आत? आणि मित्राकडे फक्त मॅन्युअलचा टीटी६०० आहे, तो दुसरा दिवा म्हणून मागे लावता येईल का?

बोरिवलीकर

आधी टीटी६०० बद्दल. २००डी मार्क २ च्या हॉट शूमध्ये मधली सिंक पिन (फ्लॅशला चमकायचा इशारा देणारी) नाही. एकाच पिनवर चालणारा फ्लॅश थेट शूवर बसवला तर चमकतच नाही. बिघडला समजून लोक दुकानात घेऊन जातात. फोर्टच्या बोरा बाजारात घ्यायला गेलात तर आपली बॉडी सोबत न्या, लावून बघा. मागे ठेवायचा तर तो शूबाहेर असतो, टीटी६८५ रेडिओवर मास्टर (इशारा देणारा) ठेवला की टीटी६०० चालतो. पण एका हाताने काटकी धरून रानात दोन फ्लॅश सांभाळणं फार अवघड, आधी सोपा उपाय करा.

काळं होतं कारण उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. पडदा किड्यापासून ८ सेंमी आणि मागची झाडी पडद्यापासून ८० सेंमीवर असेल तर झाडीला शंभरावा हिस्सा मिळतो, साडेसहा स्टॉप कमी. तेच, एखादं पान किड्याच्या १० सेंमी मागे असलं तर फरक सव्वादोन-अडीच स्टॉपचा, म्हणजे छान गडद हिरवं. म्हणून जागा बदला, कोन बदला, मागे पान येईल असं बसा. नाहीतर खाली पडलेलं सागाचं पान उचलून मागे धरा. झाडावरचं तोडू नका, फांदी हलली की किडा उडतोच.

आयएसओ ४०० पर्यंत वाढवायला हरकत नाही, फ्लॅशची ताकद दोन स्टॉप कमी लागेल आणि चमक आखूड होईल. पण आयएसओ ८०० आणि १/६० करून मागचा उजेड ओढायचा तो फक्त स्थिर किड्यासाठी, तोही वारा पडलेला असताना.

एसीतून थेट बाहेर पडलात तर रेनॉक्सच्या काचेवर धुकं धरतं. बॅग अर्धा तास बंदच राहू द्या, मग उघडा. फ्लॅशला चार रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल, साध्या अल्कलाइनवर पुढच्या चमकेला जास्त वाट बघावी लागते. आणि आरे-येऊरला संध्याकाळी एकट्याने उकिडवं बसून राहू नका, हा बिबट्यांचा भाग आहे, खाली वाकलेला माणूस त्याला लहान दिसतो. सोबतीला कुणीतरी उभं असू द्या.