कावाताके मोकुआमी: नाटककार, की नटांच्या मापाचं शिवणारा शिंपी?

रंगपटवाला
काबुकीचा, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीचा, विषय निघाला की मोकुआमीला (१८१६–१८९३) 'एडो (जुन्या तोकियो) रंगभूमीचा शेवटचा थोर नाटककार' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला हे पटत नाही. अव्वल कारागीर, बेशक; पण त्याच्याकडे स्वतःचं थोडं. पण लेखकानं नटाला, प्रेक्षकाला आणि थिएटरच्या मालकाला सांभाळावं, हे त्याचं स्वतःचं सूत्र. या तिघांत नाटक कुठे आलं?

१८६२ चं 'बेन्तेन कोझो' घ्या. पुढे पाचवा ओनोए किकुगोरो म्हणून गाजलेला नट तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसचा, बाईच्या वेशात शोभणारा. म्हणून कापडदुकानाचा प्रवेश. चोर सामुराईची मुलगी बनून येतो, दुसऱ्या दुकानातला कापडाचा तुकडा इथलाच चोरल्यासारखा मुद्दाम छातीशी दडवतो. दुकानातली माणसं आळ घेतात, कपाळावर सोरोबानचा (मणी-पाटीचा) फटका बसतो, आणि लगेच १०० र्योची (सोन्याच्या नाण्यांची) भरपाई मागितली जाते. मग दंडावरचं गोंदण कुणाच्या तरी नजरेला पडतं. 'मुलगी' फतकल मारून बसते, खांदा उघडा टाकते आणि पुरुषी आवाजात आपली कुंडली मांडते. टाळी कुठे पडणार ते आधी ठरवून मागची जुळणी केलेली आहे. अशी सुमारे ३६० नाटकं!

चौथी घंटा
अहो, नटासाठी लिहिणं हा काबुकीत आरोप कसा होईल? एडोच्या हस्तलिखितांत संवादाच्या डोक्यावर पात्राचं नाव नसतं, नटाचं असतं. मुख्य लेखक (तातेसाकुशा) आराखडा ठरवून कळीचे प्रवेश लिहिणार, उरलेले हाताखालचे दुसरे-तिसरे लेखक. नटाच्या हाती पूर्ण संहिता नाही, फक्त त्याच्या वाट्याचे संवाद उतरवलेली 'काकिनुकी'. संहितेत जागोजागी 'सुतेझेरिफु' अशी खूण, म्हणजे इथे ज्यानं त्यानं आपल्या मनाचं बोलावं. मोकुआमी १८३५ मध्ये पाचव्या नान्बोकू या नाटककाराच्या हाताखाली लेखकांच्या याच खोलीत शिरला आणि १८४३ मध्ये मुख्य लेखक झाला. तेव्हा त्याचं नाव दुसरा कावाताके शिन्शिची. 'मोकुआमी' हे १८८१ च्या निवृत्तीनंतरचं.

प्रश्न इतकाच की या चौकटीत त्यानं काय साधलं. १८६० चं 'सान्निन किचिसा' (किचिसा नावाचे तीन चोर) पाहा. स्त्रीवेषातला ओजो किचिसा रस्त्यावरच्या वेश्येकडचे १०० र्यो हिसकावतो, तिला नदीत ढकलतो आणि लगेच धुकट चंद्रावरचं गोड भाषण सुरू करतो:

'त्सुकि मो ओबोरो नि / शिराउओ नो'

पहिल्या तुकड्यात ७ मात्रा (इथे दर अक्षराला एक), दुसऱ्यात ५, आणि भाषणभर हाच ठेका. मध्येच बाहेरून इडापिडा घालवणाऱ्याची आरोळी येते, तेव्हा गड्याला आठवतं की आज सेत्सुबुन, पीडा घालवायचा सण! पीडा टळली, वर पैसे मिळाले, म्हणून स्वारी खूश. खून आणि सण एकाच श्वासात. हे शिंप्याचं काम नव्हे.

तिरकस
चंद्राचं भाषण सुंदर आहे, वाद नाही. पण ७-५ चा धोकाही तिथंच आहे. प्रत्येक पाचाच्या शेवटी नट थांबला की त्याचं गाणं होतं, आणि गाणं झालं की नदीतली बाई कुणाच्याच लक्षात राहत नाही. दोन-तीन तुकडे एका दमात घेऊन वाक्याचा अर्थ जिथे पुरा होतो तिथे थांबायला हवं. नामवंत घराण्यातले नटही कित्येकदा तसं करत नाहीत. 'बेन्तेन'मध्ये नदीकाठी पाच चोर छत्र्या घेऊन ओळीत उभे राहतात आणि पाळीपाळीनं नावं सांगतात, तिथे तर अर्थ नावालाच. इतकी गोड चाल लावून दिली तर नट घसरणारच, आणि ती लावली लेखकानं. बाकी समीक्षक त्सुबोउची शोयोनं मोकुआमीला एडो नाट्याचा मोठा घाऊक व्यापारी म्हटलं होतं, ते मला अगदी नेमकं वाटतं.

चौथी घंटा
शोयोला कौतुकच करायचं होतं हो. आधीचा सगळा माल याच्या गोदामात येऊन पुढे गेला, अशा अर्थानं.

मेइजीप्रेमी
तिघंही १८६० च्या आसपास घुटमळताय. १८६६ मध्ये सरकारी हुकूम आला: चोर आणि वेश्या इतक्या हुबेहूब दाखवू नका. ज्याच्यासाठी १८५४ पासून लिहिलं तो नट, चौथा इचिकावा कोदांजी, त्याच वर्षी वारला. नुसता शिंपी असता तर गिऱ्हाइकासोबत संपला असता. हा पुढची २७ वर्षं लिहीत राहिला!

१८८५ च्या नाटकातला फुदेया कोबेई हा मेइजी या नव्या राजवटीत देशोधडीला लागलेला सामुराई. ब्रश विकून पोट भरेना, बायको गेलेली, कर्ज डोक्यावर, पोरांना मारून स्वतः मरायचं ठरवतो. त्याच वेळी शेजारच्या घरी आनंदसोहळा चालू आहे आणि तिथलं कियोमोतो शैलीतलं गाणं या घरात ऐकू येतं. या युक्तीला 'योसोगोतो जोरुरी' म्हणतात. संगीत रंगमंचावरच आहे, पण ते त्या माणसासाठी नाही. कोबेईला वेड लागतं ते या सुरांवर.

रंगपटवाला
कोबेईचा प्रवेश मान्य, कडक आहे. पण त्यानंतर काय? तो तान्ह्या पोराला घेऊन नदीत उडी मारतो आणि सुइतेन्गू देवाच्या कृपेनं वाचतो, वेडही उतरतं. प्रेक्षक खूश, मालक खूश. आला ना तोच हिशेब?

मेइजीप्रेमी
शेवट गोड आहे, नाकारत नाही. पण मग 'सान्निन किचिसा'चं काय? तिथे भाऊ-बहीण ओळख नसताना प्रेमात पडतात, त्यांना ते कळायच्या आत मारलं जातं, आणि तिन्ही किचिसा शेवटी बर्फात एकमेकांना भोसकून मरतात. यात कुणाला सांभाळलंय? मूळ नाटकात बुन्री या व्यापाऱ्याचं आणखी एक उपकथानक आहे, ते प्रयोगात बहुधा कापतात. ते वाचल्याशिवाय 'त्याच्याकडे स्वतःचं थोडं' हे विधान मी तरी करणार नाही.

तिरकस
कापतात, कारण ते धरलं तर प्रयोग आवरत नाही. म्हणजे आता कात्री मालकाच्या हातात.