अनुभव धागा: बाळंतिणीनं काय खावं, काय टाळावं?

बडोद्यात घरचे डिंक-अळीव असतात, शिवाय शेजारच्या गुजराती बहिणीकडून काटलूही (बाळंतिणीसाठीचा औषधी मसाल्यांचा गोड पदार्थ) येतं. कशाचं प्रमाण किती आणि बिघडतं कशानं, ते नेमकं लिहा.

दांडियाबाजार:
अळिवाचे लाडू. ५० ग्रॅम अळीव एक वाटी नारळपाण्यात दोन तास भिजवा. एका मोठ्या नारळाचा चव आणि दीड वाटी चिरलेला गूळ मिसळून तासभर ठेवा, मग मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता. जास्त परतलं की गुळाचा पाक चढतो आणि लाडू दगड होतात. ओला नारळ आहे, तेव्हा बडोद्याच्या उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. अळिवातलं लोह अंगी लागायचं तर लाडवावर लगेच चहा नको, तासभर थांबा.

सुगरण:
डिंक हरभऱ्याएवढा कुटून मध्यम तापल्या तुपात थोडा-थोडा सोडा. तूप कडकडीत असलं तर वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. काटलूत घालायची औषधी पूड, म्हणजे बत्रीसुं, तयार मिळतं, पण त्यात कितीतरी वनस्पती असतात. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना पुडी दाखवा. मेथीही चवीपुरतीच. फार झाली तर पोट बिघडतं.

आहारतज्ज्ञ:
पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. दोन फुलके, वाटीभर वरण, पेलाभर दूध आणि एक लाडू, एवढ्यात ते भागतं. शाकाहारी घरात माझी खरी काळजी बी-१२ ची: आईत कमी असेल तर दुधातही कमी उतरतं आणि बाळाची वाढ मागे पडते. तपासणी करून घ्या, गोळी लागली तर घ्या. आणि दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजलं की. लाडू त्याची जागा घेत नाही.

परिचारिका:
कोबी, वाटाणा, तूरडाळ उगाच बंद करू नका. आईच्या आतड्यातला वायू दुधात उतरत नाही. पाणीही तोडू नका, तहान लागेल तेवढं प्यावं. कॉफी दिवसाला दोन लहान कप पुरे. बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते आईचं दूध-दही दोन ते चार आठवडे थांबवून पाहतात. त्या काळात आईचं कॅल्शियम कशातून भरायचं, तेही त्यांनाच विचारा.