सगळ्याच गोळ्या लाखाच्या नसतात
टार्गेटेड थेरपी (कॅन्सरच्या पेशींतल्या नेमक्या बिघाडावर मारा करणारी औषधं) म्हणजे महिन्याला लाखाचा चुराडा, असं म्हटलं जातं. नव्या औषधांबाबत खरंय, पण सरसकट नाही. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवरची इमॅटिनिब बघा. त्या काळी नोव्हार्टिस कंपनीची ग्लिवेक नावाची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, तर जेनेरिक (तेच औषध, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं) आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला.

माझ्या मामांना हीच गोळी चालू आहे. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर. नाहीतर पोटात ढवळतं. खरी गोम वेगळीच. बरं वाटू लागलं की माणसं डोस बुडवतात (मामाही त्यातलेच, मामी पाकिटातल्या गोळ्या मोजते). रक्तात कॅन्सर किती उरलाय हे सांगणाऱ्या बीसीआर-एबीएल तपासणीचा आकडा चढला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, गोळ्या चुकल्या का?