पहिल्यांदाच बर्फात, स्कीइंग शिकायचंय, गुलमर्ग की औली?

गुहागरची_सून: नमस्कार मंडळी, यंदा मुलांनी (१३ आणि ९) डोक्यात घेतलंय की बर्फात जायचं आणि नुसते फोटो काढून यायचं नाही तर खरंच स्कीइंग शिकायचं. आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात पण मागे राहायला तयार नाहीत. बागेत मोहोराच्या फवारण्या सुरू होतात म्हणून नाताळातच जाऊन येऊ असं ह्यांचं म्हणणं. एक पॅकेजवाला तर आठवड्यात मनाली आणि काश्मीर दोन्ही करून देतो म्हणतोय. आमच्याकडे पारा १८ वर आला की शेकोट्या पेटतात, तिथली थंडी सोसेल का?

सड्यावरचा: वहिनी, दोन्हीचं पॅकेज अजिबात घेऊ नका, अर्धा वेळ गाडीत जाईल आणि स्कीवर मुलं जेमतेम तासभर उभी राहतील. एकच जागा धरा, गुलमर्ग, आणि तिथेच चार-पाच रात्री राहा. पहिल्या दिवशी मुलं नुसती पडतात, दुसऱ्या दिवशी थांबता येतं, खरी मजा तिसऱ्या दिवसापासून. उत्तराखंडातली औलीही सुंदर आहे, समोर नंदादेवी दिसते, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला, सासूबाईंना घेऊन तो लांबचा घाटरस्ता मला नको वाटतो. आणि नाताळ नको हो, बर्फाचा भरवसा नसतो, २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गची मैदानं कोरडी पडली होती. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बघा.

गुहागरची_सून: फेब्रुवारीत बाग सोडून ह्यांचा पाय निघेल असं वाटत नाही, शाळाही आहे 😟

मालवणची_लेक: ताई, मग जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा, २६ ची सुट्टी जोडून, फवारणी दिरांवर नाहीतर शेजाऱ्यांवर सोपवा. सासूबाईंना खुशाल न्या, गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्यापर्यंत बसून जाता येतं, वर चहा घेत नातवंडांना बघत बसतील. दुसरा टप्पा मात्र जवळजवळ ४००० मीटरवर अफरवट डोंगरावर जातो, तिथे त्यांना नको आणि नवशिक्या मुलांनाही नको, तो उतार सरावलेल्यांचा. गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. थंडीचं म्हणाल तर सुती कपडे घरीच ठेवा, एकदा ओले झाले की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं. स्कीच्या बुटात लोकरी मोजे एकच जोडी, दोन घातले तर पाय आवळतो आणि जास्त गारठतो. खोबरेल तिथे दगड होतं, व्हॅसलिन न्या. गॉगल प्रत्येकाला हवाच, बर्फावरचं ऊन डोळे जाळतं. घोडेवाले, स्लेजवाले गराडा घालतील, भाव ठरवल्याशिवाय बसू नका आणि शिकवणारा नोंदणी असलेलाच घ्या.

सड्यावरचा: बरोबर. मुलांना आत्ताच एक सांगून ठेवा, होडीत उभं राहतो तसे गुडघे सैल ठेवायचे आणि वजन पुढे, घाबरून मागे रेललं की स्की पळते. पडायचं झालं तर कुशीवर पडायचं. थांबताना पुढची टोकं जवळ, मागची लांब.

रत्नांग्रीकर: विमान परवडत नसेल तर रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसने निजामुद्दीन, दिल्लीहून कटरा, आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून श्रीनगरची वंदे भारत आहे, साधारण तीन तास. वाटेत चिनाबचा पूल लागतो, नदीपासून ३५९ मीटर उंच, त्याचं काम आपल्या कोकण रेल्वेने पाहिलंय, मुलांना खिडकीशी बसवा. श्रीनगरहून गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपर्यंत साधी गाडी चालते, पुढच्या चढाला बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते, ते पैसे वेगळे धरा.

गुहागरची_सून: २६ जानेवारीचं ह्यांना पटलं! रात्री तिकिटं बघते. साखळीवाल्या गाडीचे साधारण किती घेतात कोणी सांगेल का?