साहसी शर्यतीची तयारी, टीम आणि रुसवेफुगवे : तुमचेही अनुभव लिहा

पायवाट

काल माळा आवरताना जुन्या सॅकच्या वरच्या कप्प्यात टोपोशीट सापडली, सर्वे ऑफ इंडियाचा चढउतार दाखवणारा नकाशा. क्रमांक ४७ एफ/१५. घड्या फाटून चौकोन सुटे झालेले, सेलोटेप पिवळी पडलेली आणि कल्याण दरवाजाच्या जरा खाली पिठल्याचा डाग. लेकीने विचारलं, हे काय? म्हटलं, सिंहगड. "मोबाईलवर आहे की," म्हणाली आणि गेली. मी तिथेच स्टुलावर बसले. आवरणं राहिलं ते राहिलंच.

२००९ चा हिवाळा. ऑफिसातले आम्ही तिघं : मी, टेस्टिंगमधला एक पोरगा (रोज जिम, दंड असे की शर्टाच्या बाह्या कुरकुरायच्या) आणि अकाउंट्समधले काका, वय ४८. शर्यत फेब्रुवारीत. चालणं, सायकल, दोराला लटकून नदी ओलांडणं आणि नकाशावरचे ठिपके शोधत फिरणं. नियम एकच जाचक : प्रत्येक चेकपॉइंटला तिघांनी एकत्र हजर व्हायचं. एक मागे असेल तर बाकीचे दोघे धावून आले काय, झोपून आले काय, सारखंच.

पहिल्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून चढलो. पोरगा चाळीस मिनिटांत पुणे दरवाजात. मी सव्वा तास. काका पावणेदोन तासांनी आले, घाम पुसला, ताक मागवलं, एक शब्द बोलले नाहीत. पोरगा मला हळूच म्हणाला, "यांना बदलायचं का?" मीही मान हलवली असावी. आता लाज वाटते.

आणि मग उतरायला लागलो. काका मूळ वेल्ह्याकडचे. ते जे सुटले! मुरमाड उतारावर पाय तिरका टाकत, मधेच कारवीला हात लावून वळत, एकदाही न घसरता. आमच्या जिमवीराच्या गुडघ्याने निम्म्यात संप पुकारला आणि मी तर बराचसा डोंगर बसूनच उतरले. खाली काका टपरीवर दुसरा चहा पीत होते. तेव्हाही काही बोलले नाहीत. बिल तेवढं त्यांनी दिलं.

त्या दिवसापासून बदलाबदलीचा विषय संपला. मंगळवार-गुरुवार वेताळ टेकडी, शनिवारी खडकवासला-पानशेत सायकल, रविवारी गड. काकांनी जुन्या सायकलट्यूबची पट्टी कापून दोन्ही टोकांना फासे केले. चढावर एक फासा पोराच्या सॅकला, दुसरा माझ्या कमरेला. मी तीन आठवडे नाही म्हटलं. ओढत नेतात ती गाय, मी नाही. चौथ्या आठवड्यात पाबे घाटात सायकलवरून उतरून रडले आणि मुकाट्याने फासा अडकवून घेतला. ओढ म्हणजे काही फार नसते हो, पाठीला कुणी बोट टेकवावं एवढीच. पण श्वास लयीत लागतो.

शर्यतीत कितवे आलो आठवत नाही. शेवटून मोजलं तर लवकर सापडू.

तुम्ही लिहा. टीम कशी जमली, कोण रुसलं, काय खाल्लं, कुठे चुकलात.

बाभूळकाटा

पंक्चर!!! माझ्या आयडीवरून कळलंच असेल. सासवड रोडला एका रविवारी पाच पंक्चर, तिघांत मिळून पंप एक आणि तोही घरी. दुसऱ्या पंक्चरनंतर तिघांचं बोलणं बंद. एका शेतकरी दादांनी ट्रॅक्टरच्या हवेने ट्यूब भरून दिली, ती पण बसली, कारण काटा टायरमध्येच होता. नव्या लोकांना सांगतो, ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. हळू फिरवा. मी जोरात फिरवलं होतं.

निवांत_वाचक

वाचतेय. माळा आवरून झाला का तेही सांग.

पायवाट

नाही :)

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीचे त्यामुळे पाण्याची भीती नाही असा माझा समज. लहानपणापासून कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघितलेल्या, पोहणं घाटावरच शिकले. नवऱ्याने आणि मी टीममध्ये नाव दिलं, तिसरा माझा मावसभाऊ. पवना धरणाच्या पाण्यात दोघांच्या कयाकचा सराव. नवरा मागे, मी पुढे. पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने दिशा. आता घरात दिशा कोण धरतं हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे. मी मागे वळून वळून सांगतेय डावीकडे घे, डावीकडे. वळलं की बोट डुलते. तीनदा उलटलो. मावसभाऊ काठावर भडंग खात व्हिडिओ काढत होता, तो व्हिडिओ अजून प्रत्येक लग्नात दाखवतात.

शेवटी जागा बदलल्या. सरळ रेषेत गेलो. ह्यावर नवऱ्याचं काहीही म्हणणं नाही.

बाभूळकाटा

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). भडंग कुठलं पण?

कृष्णाकाठ

सांगलीचं. अजून कुठलं असतं?

रात्रपाळी

जेवायची सुट्टी आहे त्यामुळे पटकन लिहितो. कात्रज ते सिंहगड रात्री. सराव म्हणून तीन वेळा केला. तेरा टेकड्या म्हणतात पण तिघांचा हिशोब कधी जुळला नाही, मी अकरावर असताना दुसरा नऊवर आणि तिसरा म्हणायचा मोजू नका रे. पहाटे तीनला आमचा एक मेंबर उभ्या उभ्या झोपला, बॅटरी चालू, तोंड उघडं. त्याला हाक मारली तर म्हणाला "पुढचं स्टेशन लोणावळा का?" तो रोज लोकलने तळेगावला जायचा.

बाकीचं नंतर, सुट्टी संप

डोसवाली

मी डॉक्टर आहे पण इथे रुग्ण म्हणून लिहिते आहे. मुळशीच्या बाजूला एप्रिलमध्ये सहा तासांचा सराव. टीममध्ये सगळ्यांनी मला वैद्यकीय अधिकारी केलेलं, आणि मी सगळ्यांना एकच मंत्र दिला, पाणी प्या. स्वतः तर दर वळणावर प्यायले. साधं पाणी. पाचव्या तासाला डोकं दुखायला लागलं, मळमळ, बोटं सुजून अंगठी रुतली आणि मी टीममेटला त्याच्या भावाच्या नावाने हाका मारत होते. त्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून अजून पाणी पाजत होते!

घामातून मीठ जातं आणि वर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. भोवळ आली म्हणजे पाणीच कमी पडलं असं दर वेळी नसतं. सुदैवाने गावातल्या एका आजींनी लिंबाचं खारवलेलं लोणचं आणि भाकरी पुढे ठेवली, मला ते इतकं गोड (!) लागलं की तिथे डोक्यात उजेड पडला. मग पाणी बंद केलं आणि गाडीने थेट दवाखाना गाठला, रात्रभर तिथेच. दवाखान्यात ओळखीचेच निघाले, तो अपमान वेगळा.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच घाला. चव कडक लागते म्हणून अर्ध्या लिटरमध्ये किंवा "जास्त वेळ पुरेल" म्हणून दोन लिटरमध्ये नाही. आणि तहान लागेल तसं प्या. घड्याळ लावून पिऊ नका.

निवांत_वाचक

बापरे. लोणच्याचा फोटो आहे का आजींच्या?

डोसवाली

फोटो काढायच्या अवस्थेत नव्हते गं बाई.

रांगडा_गडी

पन्हाळा-पावनखिंड जुलैत केलाय काय कुणी? आम्ही त्यालाच सराव म्हणत होतो. लई चिखल. शर्यतीसाठी म्हणून भावानं भारीतले वॉटरप्रूफ बूट घेतले. पाणी वरनं आत गेलं ते बाहेर यायलाच तयार नाही, दिवसभर दोन बादल्या पायात घिऊन चालला गडी. संध्याकाळी पाय बघितलं तर भिजलेल्या पावासारखं. मी साध्या जाळीच्या बुटात, पाणी आत आलं तसं गेलं. तवापासनं आमच्याकडं वॉटरप्रूफ ही शिवी आहे.

खरी_उत्तर

पायवाट, तुमच्या टोपोशीटवरून राहवलं नाही. सिंहगड ४७ एफ/१५ च्या अगदी डाव्या काठावर येतो, काठापासून जेमतेम बोटभर. म्हणजे पानशेतकडून यायचं तर शेजारची ४७ एफ/११ चिकटवावी लागते. चिकटवली होती का? डाग नेमका सांध्यावर असणार!

आमच्या टीमचा नकाशा माझ्याकडे. पन्नास हजारी शीट, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, दर वीस मीटरला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी). आपल्या भागात चुंबकीय उत्तर (होकायंत्र दाखवतं ती) आणि खरी उत्तर यात फरक फारच थोडा, त्यामुळे होकायंत्राला दोष देता येत नाही, ही मोठी अडचण आहे. एका रात्री मी धारेच्या जागी घळ वाचली. रेषांची टोकं चढाकडे रोखलेली असली तर ती घळ, उताराकडे रोखलेली तर धार. हे मी स्वतः दोघांना आदल्या आठवड्यात कागदाची घडी घालून शिकवलं होतं. आणि तरी दीड तास करवंदाच्या जाळीत. दोघं एक अक्षर बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पहाटे एकाने फक्त विचारलं, "सर, घडी आहे का कागदाची?"

आता सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर ओपन सिरीजचे नकाशे फुकट उतरवून घेता येतात, मात्र क्रमांक बदललेत, आपल्याकडचे ई ४३ ने सुरू होतात. कागदावर छापून घ्या. पावसात ओल्या बोटांना मोबाईल दाद देत नाही.

पायवाट

चिकटवली होती!! आणि हो, डाग सांध्यावरच आहे. तुम्ही भयंकर माणूस आहात.

जिन्यावरची

लिहू की नको करत होते. माझा अनुभव तितका मजेचा नाही.

मिश्र गटात टीममध्ये एक बाई लागते. शर्यतीला सहा दिवस असताना ओळखीतल्या दोघांचा फोन आला, आमची मेंबर आजारी आहे, तू ये, तुला काही करावं लागणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून म्हटलं. मी गेले. दोन दिवस ते दोघं आपसात बोलत होते, मला चेकपॉइंटला पुढे करायचे, सहीला. फोटोतही मी आहे, कडेला, अर्धी.

पुढच्या वर्षी मी स्वतःची टीम केली. घरी सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलाची शाळा, डोंगर लांब. म्हणून बिल्डिंगचा जिना. सात मजले, पाठीवर सॅकमध्ये तांदळाची दहा किलोची पिशवी, पहाटे पाच ते सहा. पाचव्या मजल्यावरच्या काकू दूध घ्यायला दार उघडायच्या, रोज विचारायच्या, "लिफ्ट बंद आहे का गं?" महिनाभराने त्या पण एक मजला माझ्यासोबत चढायला लागल्या, दुधाची पिशवी हातात. आमच्या टीमला शर्यतीच्या दिवशी डबा त्यांनीच दिला, गूळपोळ्या. तांदूळ नंतर खिचडीत संपवले, कण्या झालेल्या.

डोसवाली

जिन्यावरची, ते "काही करावं लागणार नाही" अगदी ओळखीचं आहे. मलाही आधी "गोळ्या सांभाळशील ना" म्हणूनच घेतलं होतं.

रात्रपाळी

परत आलो. काकूंना पुढच्या वर्षी टीममध्ये घ्या.

जिन्यावरची

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण विचारतात अजून, परत कधी म्हणून.

दक्षिणवारा

मी न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला असते. इथे दर फेब्रुवारीत कोस्ट टू कोस्ट शर्यत असते, १९८३ पासून. पश्चिमेच्या कुमारा बीचवरून निघायचं आणि इथले सदर्न आल्प्स ओलांडून पूर्वेच्या समुद्राला यायचं, २४३ किमी. सायकल, डोंगरातलं धावणं आणि वायमाकारिरी नदीतून सुमारे ७० किमी कयाक. दोघांची टीमही चालते, मी कयाक आणि थोडी सायकल घेतली, ऑफिसातल्या मैत्रिणीने डोंगर.

नदीसाठी आधी ग्रेड २ चं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे उलटलात तर बोटीतून बाहेर येणं, बोट काठाला नेणं हे शिक्षकासमोर करून दाखवायचं. बर्फाचं पाणी. पहिल्यांदा उलटले तेव्हा श्वासच आत अडकला, छातीवर कुणी बसल्यासारखा. ठाण्याला फोन केला, आई म्हणाली एवढ्या थंड पाण्यात आंघोळीला कशाला जातेस, घरी गिझर आहे ना.

माझी टीममेट कधी चिडायची नाही. मी दर वेळी "सॉरी, उशीर झाला" म्हणायचे. एकदा ती म्हणाली, तू सॉरी म्हणण्यात जितका दम घालवतेस तितक्यात दोन वल्ही जास्त मारशील. तिला मी नंतर तिळगूळ दिला. तिला वाटलं शर्यतीत खायचा आहे, ठेवून दिला आणि गोट पासची खिंड चढताना खाल्ला. म्हणाली भारी आहे, दात सांभाळून.

बाभूळकाटा

गूळपोळी, तिळगूळ, भडंग, लोणचं... या धाग्याला पाककृती विभागात हलवा.

रांगडा_गडी

राजगिऱ्याचा लाडू ऱ्हायला. खिशात चुरा हुतोय पण चुरा बी चालतो.

कृष्णाकाठ

अवांतर : पायवाट, तुमच्या जिमवाल्या मुलाचं पुढे काय झालं?

पायवाट

त्याच्या गुडघ्याचं प्रकरण जानेवारीत वाढलं. फिजिओने मांडीचे स्नायू पुढून भक्कम, मागून कच्चे असं सांगितलं. काकांनी त्याला महिनाभर फक्त उतरायला शिकवलं. वर जायचं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीने आणि पायी उतरायचं. त्याला हे भयंकर अपमानास्पद वाटायचं. आता जर्मनीत असतो, दिवाळीला मेसेज येतो.

काकांना मात्र तुमच्या सगळ्यांमुळे आज दुपारी फोन केला. सहा-सात वर्षांनी. निवृत्त होऊन गावी असतात. आधी विचारलं, "तुझा श्वास कसाय?" मग मी ती ट्यूब आठवतेय का विचारलं. म्हणाले, आठवायचं काय, विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपला बांधलीय, गळत होता. मी म्हटलं काका, ती मला हवी होती. ते म्हणाले, मग पाऊस लागू दे, आत्ता सोडली तर भुईमूग वाळेल.

निवांत_वाचक

बरोबर आहे काकांचं. माळा?

पायवाट

अगं उद्या.