स्टेनलेस म्हणजे नक्की काय? सुरीचं स्टील आणि डब्याचं स्टील

पळी: नवीन स्टेनलेसची सुरी, मीठ लावून लिंबाच्या फोडी केल्या आणि तशीच रात्रभर ओट्यावर राहिली, तर सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके. मग स्टेनलेस कशाला म्हणतात? मराठीत काय म्हणायचं, निष्कलंक की गंजरोधक?

कानस: विश्वकोशात 'अगंज पोलाद' आहे. शब्द सुटसुटीत आहे पण मला विचाराल तर जरा जास्तच कबूल करतो, 'अ' लागला की गंजणारच नाही असं वाटतं. इंग्रजीतही आधी रस्टलेसच म्हणत होते. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये हे पोलाद ओतलं, तो बंदुकीच्या नळ्या झिजतात त्यावर काम करत होता. पुढे तिथल्याच अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या सुऱ्यावाल्याने व्हिनेगर लावून बघितलं, डाग पडेना, त्याने स्टेनलेस म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. म्हणजे दावा होता आंबटाचा डाग पडत नाही एवढाच, मिठाचं कोणी बोललं नव्हतं :)

खोरणी: पण गंजत का नाही? वर काही मुलामा असतो का?

कानस: मुलामा नाही हो, कल्हईसारखं वरून काही लावलेलं नसतं. पोलादातच क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के तरी लागतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर ऑक्साइडचा थर धरतं, इतका पातळ की दिसतच नाही. आणि खरी गंमत ही की खरवडलं तरी तो परत धरतो. घरातल्या जुन्या पातेल्यावर नाव घातलेलं असेल ना, 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून', ती ठिपक्याठिपक्यांची अक्षरं नीट बघा, मशीनने धातू टोचून काढलाय पण वर्षानुवर्षं घासूनही तिथे गंज नाही. मुलामा असता तर पहिलं नावच गंजलं असतं.

पळी: मग माझ्या सुरीनेच काय घोडं मारलंय?

कानस: सुरीचं स्टील वेगळं असतं, दोघांना एकच शब्द वापरतो तिथेच घोळ होतो. चांगल्या डब्याचं ते ३०४ (हे आकडे म्हणजे स्टीलच्या प्रतींची नावं), म्हणजे अठरा-आठ, १८ टक्के क्रोमियम ८ टक्के निकेल, कार्बन नावाला. गंजायला चिवट पण मऊ, आणि पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, ते कडक होत नाही त्यामुळे त्याला धार लावली तरी टिकायची नाही. सुरीला कार्बन लागतो, मग तापवून पाणी देता येतं (कारखान्यात तेलात नाहीतर हवेतच थंड करतात, तरी आपण म्हणायचं पाणीच). पण कार्बन वाढला की तो क्रोमियमला धरून कार्बाइड करून बसतो, थरासाठी क्रोमियम कमी उरतं. म्हणून तर ४४०सी या सुऱ्यांच्या स्टीलमध्ये कार्बन साधारण एक टक्का ठेवायचा तर क्रोमियम १७ टक्के घालावं लागतं. स्वस्त सुऱ्यांच्या ४२० मध्ये ते १२ ते १४ असतं, त्यात वरून मीठ, म्हणजे क्लोराइड, ते थराला बारीक भोकं पाडतं.

खोरणी: आमच्या सासूबाई भांडी घ्यायला जाताना लोहचुंबक घेऊन जातात, चिकटलं की भेसळ म्हणून परत!

कानस: सासूबाईंना सांगा की सुरीला तर चिकटणारच, ४३० च्या भांड्यालाही चिकटतं, तेही अस्सल स्टेनलेसच आहे फक्त निकेल नाही. इंडक्शनवर चालायला तर चुंबक धरणारा तळच लागतो. उलट २०० सिरीजमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही आणि ते ३०४ पेक्षा लवकर डागाळतं. म्हणजे नको ते भांडं घरात येतं आणि चांगलं परत जातं.

पळी: एकूण काय तर 'कमगंज' पोलाद म्हणायला हवं.

कानस: चालेल की! तरी त्यातही डावंउजवं आहेच. समुद्राजवळच्या घरांत ३०४ चे कठडे तपकिरी पडतात, तिथे मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ वापरतात, तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं लागतं. तुमचे ठिपके वरवरचे असतील तर खायच्या सोड्याची पेस्ट लावून मऊ कपड्याने घासा. नखाला खड्डा लागत असेल तर मात्र राहणार. आणि लोखंडी काथ्या अजिबात नको, त्याचे कण पात्यावर अडकतात आणि तेच गंजतात, आपण शिव्या देतो सुरीला.