बाळ सांभाळणाऱ्या ताईंना पगार किती द्यावा? (नागपूरच्या मनीषनगरातील एका सोसायटीतील रहिवाशांची चर्चा; नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

ए-३०२: नमस्कार. माझी २६ आठवड्यांची प्रसूती रजा या महिनाअखेरीस संपत असून मला मिहानमधील कार्यालयात पुन्हा रुजू व्हायचे आहे. बाळाला सांभाळण्यासाठी घोगलीहून येणाऱ्या एक ताई मिळाल्या आहेत. सकाळी ९ ते सायंकाळी साडेसहा अशी वेळ असून रविवारी सुटी राहील. त्यांनी १३ हजार मागितले आहेत. आम्ही ८ हजार धरले होते. आपल्या मनीषनगरात काय दिले जाते, ते कृपया कळवावे.

सी-१०४: ८ हजारांच्या वर जाऊ नये, ही विनंती. एका घराने आकडा वाढवला की महिनाभरात सगळ्या जणी तोच सांगू लागतात आणि मग झाडू-पोछ्याचेही दर चढतात.

बी-५०१: मी नोकरीची बरीच वर्षे पगारपत्रके तपासण्यात घालवली, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आपल्याच इमारतीत भांडी आणि झाडू-पोछ्याचे २,००० रुपये दिले जातात, आणि ते काम तासाभरात आटोपते; म्हणजे महिन्याचे ३० दिवस धरले तरी तासाला सुमारे ६६ रुपये पडतात. ताईंचे २६ दिवस, रोजचे साडेनऊ तास, असे २४७ तास होतात, आणि ८ हजारांना २४७ ने भागले तर तासाला ३२ रुपये येतात. कढई घासण्याचे ६६ आणि बाळाचे ३२, हे मला तरी पटत नाही. शिवाय तुमच्याकडे दिवसभर अडकल्यावर त्यांना दुसरे घर धरता येणार नाही. आज चार घरी काम केले तर तेवढेच ८ हजार त्यांना दुपारी दोनच्या आत मिळतात.

माझा नातू लहान असताना आमच्याकडे मावशी होत्या. त्यांनी ताट वाढून घेतले की नेमका तो जागा व्हायचा. मग ताटावर ताटली झाकून त्या त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरत, आणि वरण-भात चार वाजता थंडच खात. त्यांना ‘दुपारी तसे काम नसतेच’ असे मी एकदा म्हणून बसले होते, ते अजून आठवते.

ए-३०२: काकू, हिशेब पटला. खाड्यांचे काय करावे?

बी-५०१: महिन्याला दोन भरपगारी रजा द्या आणि त्यावरच्या खाड्यांचेच पैसे कापा. किमान वेतनाचा दिवसाचा दर काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. माझ्या मते कापताना पगार ३० ने भागावा आणि रविवारी बोलावले तर २६ ने भागून द्यावा. महालक्ष्म्यांच्या दिवसांतील सुट्या आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी दोन्ही घरी चिडचिड होते. स्वयंपाक किंवा घरभर पोछा त्यांच्या कामात धरू नका. बाळाचे कपडे आणि बाटल्या एवढे पुरे. आणखी एक: घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा २००८ चा असून १८ ते ६० वर्षांच्या कामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते, तेव्हा तुमच्याकडे काम करीत असल्याचा दाखला त्यांना लिहून द्या.

ए-३०२: १२ हजार आणि शेअर ऑटोचे रोजचे ४० रुपये वेगळे, असे आम्ही आज ठरवले. दिवाळीला एक महिन्याचा पगार द्यायचा आहे.

सी-१०४: म्हणजे २६ दिवसांचे १,०४० धरून त्यांनी मागितले त्याहून ४० रुपये जास्तच झाले.

ए-३०२: होय. आता एकच अडचण आहे. तान्हा पोळ्याला त्यांना नातवाचा लाकडी नंदी सजवून त्याला मिरवायला न्यायचे आहे आणि त्याच दिवशी मला कार्यालयात जाणे भाग आहे. काकू, त्या दिवशी बाळ तुमच्याकडे ठेवता येईल का?

बी-५०१: दहानंतर आणा, त्याआधी माझी पूजा असते.